सातवं पान

कलेतलं आपल्याला काही कळत नाही, हे ओ बुननिम कुणी न विचारताच सांगून टाकायची. सांगताना आवाजात ओशाळेपणा नसे. "माझे गुडघे दुखतात" हे ती ज्या सुरात सांगे, त्याच सुरात हेही.

दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात, यांगदोंग बाजारात तिने एकतीस वर्षं तोंडीलावणी विकली. उकडून तिळाच्या तेलात कालवलेल्या पालेभाज्या, आंबवलेल्या तिखट भाज्यांच्या किमचीचे चार प्रकार, सोयाबीनच्या पाण्यात मुरवलेली अंडी, परतलेली बारीक सुकी मासळी. ही मासळी शेजारच्या गाळ्यावरून यायची. तिथली बाई मूळची नाजू गावची, म्हणून सगळा बाजार तिला नाजूवाली म्हणे. बुननिमचा नवरा शहराची बस चालवायचा. २०१३च्या नोव्हेंबरात तो गेला. मुलगा सांगुन सुवोनला नोकरीत होता, त्याचं त्याला पुरे होतं. पुढच्या वर्षी गुडघे फारच कुरकुरू लागले आणि गाळा सोडावा लागला.

मग घरी ती एकटी. जेवण म्हणजे ओट्यापाशी उभं राहून, भांड्यातूनच खाल्लेले चार घास. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पानात काय पडावं ते ठरवलेल्या बाईला स्वतःसाठी एक पान मांडायचा कंटाळा येऊ लागला.

नाजूवालीने एकदा हे पाहिलं.

"सांगुनची आई, उभ्याने जेवतेस? तू काय घोडी आहेस?"

"घोडीला कुणीतरी दाणा घालतं तरी."

"बघ, जीभ अजून शाबूत आहे. मग हे वाच." असं म्हणून तिने सुकटीच्या वासाचा एक कागद पुढे केला. मुदुंग डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं कलादालन होतं. तिथल्या खोल्या राखायला त्यांना साठीपुढची माणसं हवी होती.

मुलाखत घेतली ती प्यो दाऊनने. ही तिशीतली मुलगी तिथली प्रदर्शनं मांडायची. तिने विचारलं, "मावशी, दिवसभर एका जागी बसवेल का?"

"एकतीस वर्षं बसलेच की. इथे फक्त ओरडायचं नाही, एवढाच फरक ना?"

दाऊनने हसत हसत तिचं नाव लिहून घेतलं. त्या मुलीचे हे उपकार बुननिम पुढे कधी विसरली नाही. दर वर्षी थंडी सुरू झाली की ती दाऊनच्या घरी किमचीचा एक डबा पोचता करते, अजूनही.

दोन वर्षांत तिने बरंच काही राखलं. कापलेल्या केसांचे गुंडाळे राखले, काहीच न दाखवणारा पडदा राखला, आणि तिसऱ्या खोलीत एक माणूस दीड महिना रोज दुपारी झोपायचा, त्याची झोपही राखली. नाजूवालीला ती फोनवर सगळी हकिकत सांगे. "आज काय राखलंस?" असंच नाजूवाली विचारायची.

२०१६च्या ऑगस्टमध्ये दाऊन एक कागद घेऊन तिच्याकडे आली. तो जर्मनीहून आला होता. ताक सोह्वा नावाची चित्रकर्ती मूळची याच भागातली, पण बावीस वर्षं तिकडे राहत होती. २ सप्टेंबरपासून तिच्या कामाचं प्रदर्शन होतं.

"मावशी, ताक बाई कुठलीही वस्तू पाठवणार नाहीत. त्यांचं काम म्हणजे हा कागदच. यात लिहिलंय तसं कुणीही केलं की काम झालं."

"म्हणजे पाककृती."

दाऊनने कागद पुन्हा पाहिला. "हो की. अगदी पाककृती. आम्ही विद्यापीठात हे शिकायला चार महिने घेतले."

कामाचं नाव होतं 'नऊ पानं'. एक लांब, बुटकं जेवणाचं मेज. त्याच्या एकाच बाजूला ओळीने नऊ गाद्या. प्रत्येकीसमोर काशाच्या दोन वाट्या, एकीत भात, दुसरीत सोयाबीनच्या मोडांचं लाल तिखट घातलेलं सूप. शेजारी चमचा, जेवायच्या काड्या आणि बशीत किमची. स्वयंपाक याच इमारतीत व्हावा. सकाळी साडेदहाला दार उघडेल तेव्हा भातातून वाफ यावी. दिवसभर तिथे कुणी बसायचं नाही. पाच वाजता, गार झालेलं जेवण दालनातल्या माणसांनी वाटून घ्यावं. खाली पानांची आकृती काढलेली होती.

एका खानावळीने पेट्यांतून भात पाठवायची तयारी दाखवली होती. बुननिम म्हणाली, "पेटीतल्या भाताला कसली आलीय वाफ? त्याला घाम येतो." दुसऱ्याच दिवशी मागच्या खोलीत विजेचे दोन मोठे कुकर आले आणि काम तिच्याकडे आलं.

आता ती सहाला उठून तांदूळ धुवायची. नऊ माणसांचा भात! पाण्यात हात घातला की बोटांना आपोआप माप कळायचं. संध्याकाळी पहारेकरी, झाडणारी बाई, दाऊन आणि ती असे मागच्या खोलीत बसून तो भात सुपात कालवून खायचे. उभ्याने जेवणं कधी सुटलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

मात्र पहिल्याच दिवशी आकृती बघताना तिला एक चूक सापडली होती. आठ पानांत सगळं रीतसर होतं: भात जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, सूप उजव्या हाताला, त्यापलीकडे चमचा आणि काड्या. सातवं पान मात्र उलटं होतं. भात उजवीकडे, सूप डावीकडे, चमचाही डावीकडे. शिवाय सहाव्या आणि सातव्या पानामध्ये दोन बोटं अंतर जास्त होतं.

जिवंत माणसाला असं कुणी वाढत नाही. भात उजवीकडे आणि सूप डावीकडे, हे गेलेल्यांच्या तिथीचं वाढणं. दोन बोटांची चूक एक वेळ चालेल, पण आठ जिवंतांच्या पंगतीत मधेच एक मेलेला बसवायचा? मग तिने सुपाचा विचार केला. त्यात लाल तिखट होतं. पितरांच्या जेवणात लाल तिखट घालत नाहीत, ते लांबूनच परत जातात. म्हणजे हे तिथीचं पान नव्हतंच. बिचारी बावीस वर्षं ब्रेड खात राहिली, घरची रीत विसरली. नाहीतर काढता काढता कागद फिरला असेल. पाककृतीत मिठाचा आकडा चुकला असेल, तर शहाणी बाई गाजावाजा न करता तो दुरुस्त करते. बुननिमने सातवं पान सरळ केलं, अंतरं टिचकीने सारखी केली आणि स्टुलावर जाऊन बसली.

१५ सप्टेंबरला, गुरुवारी, पितरांना जेवू घालायचा चुसॉकचा सण होता. घरी तिने नवऱ्याच्या नावाने वाढलं, बिनतिखटाचं सूप त्याच्या डावीकडे आणि भात उजवीकडे. ते पान बघून तिला वाटलं, दालनातलं पान आपण सरळ केलं तेच बरं झालं.

प्रदर्शनाचं नाव होऊ लागलं. सोलहून प्राध्यापक मेंग आले. दोन तास मेजासमोर उभे राहिले, वहीत लिहीत होते. शुक्रवारी, २३ तारखेला, त्यांचा लेख छापून आला. दाऊनने तो मागच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवला. मेंग यांनी लिहिलं होतं: "ही पानं इतकी तंतोतंत सारखी आहेत, की त्यांच्यासमोर कुठल्याही एका माणसाची कल्पनाच करता येत नाही. आपल्या समाजातली निर्दय एकसारखेपणाची सक्ती इतक्या शांतपणे क्वचितच कुणी दाखवली असेल. इथे जो वेगळा आहे, त्याला जागा नाही. तो आधीच काढून टाकलेला आहे."

"निर्दय?" बुननिम म्हणाली. "आणि भात इतका मऊ झाला होता."

सगळे हसले. प्रदर्शनाच्या पुस्तकात हाच लेख घ्यायचं ठरलं.

मंगळवारी सकाळी दाऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. लेखाबरोबरचे फोटो ताक बाईंनी जर्मनीत पाहिले होते. त्यांचं पत्र एका ओळीचं होतं: 'सातवं पान कुठे गेलं? उद्या येते.'

"मावशी, तुम्ही आकृतीप्रमाणेच मांडता ना?"

"मांडते की. सातव्यात चूक होती, ती तेवढी दुरुस्त केली."

"दुरुस्त?"

"अगं, उलटं काढलं होतं. मीच केलं सरळ, पहिल्या दिवसापासून. सांगायचं काय त्यात? मिठाचं सांगतं का कुणी?"

दाऊन खुर्चीवर बसली. काम कागदाबरहुकूम मांडलं आहे, अशा पत्रावर तिची सही होती. बुननिमला ते कळल्यावर ती उठली, अॅप्रन सोडला आणि स्वतःच संचालक ग्वाक यांच्या खोलीत गेली. दार तिने ठोठावलं की नाही, याबद्दल दोन मतं आहेत.

"साहेब, सातवं पान मी फिरवलं. त्या पोरीला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिला बोलू नका."

ग्वाक साहेब वाईट माणूस नव्हते, पण घाबरलेले होते. "ओ बाई, उद्या चित्रकर्ती येतेय, तोवर काही बदलू नका. गुरुवारपासून तुम्ही खाली कोट ठेवायच्या काउंटरवर बसा. भाताचं खानावळीला सांगतो. तुम्हाला काढत नाहीये, लक्षात घ्या."

"मेहेरबानी," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. पण जिना उतरताना ती काउंटरकडे बघत राहिली. काउंटर वाईट नव्हता, तिथे ऊबही असे. पण सकाळी सहाला उठायचं कशासाठी? नऊ वाट्यांत भात भरताना गेले पंचवीस दिवस आपण मनातल्या मनात कुणाकुणाला वाढत होतो, हे तिला आत्ता कळलं.

संध्याकाळी नाजूवालीने फोनवर सल्ला दिला. "त्या बाईचे पाय धर. थोडं रडून दाखव."

"मला वेळेवर रडू येत नाही."

"मग कांदा ने."

बुधवारी दुपारी ताक सोह्वा आली. पन्नाशीची, बुटकी, केस अगदी बारीक कापलेले. पाठीवर पोरं नेतात तसलं दप्तर. तिने कुणाशी बोलायच्या आधी मेजाच्या रिकाम्या बाजूला जमिनीवर बैठक मारली आणि पहिल्या पानापासून नवव्यापर्यंत नजर फिरवली. बुननिम स्टुलावरून उठून उभी राहिली. ग्वाक साहेब आणि दाऊन दारात.

"बाई, ते मी केलं," बुननिम म्हणाली. "मला वाटलं तुमचा हात चुकला. तिथीच्या पानासारखं दिसत होतं. पण सुपात तिखट, म्हणून म्हटलं तिथीचं नसणार. म्हणून सरळ केलं."

ताक बाईने वळून पाहिलं. "तिखटाचा विचार तुम्ही केलात?"

"करायलाच हवा. मेलेल्यांना तिखट कोण घालतं?"

"आजवर चार देशांत हे मांडलं. तिखटाबद्दल कुणीही विचारलं नाही. तुमचा हिशोब बरोबर आहे. ते पान जिवंत माणसाचंच आहे. माझी आई डावखुरी होती."

तिने सातव्या पानाकडे बोट दाखवलं.

"आमच्या घरी आजी होती, काका होते, एकूण नऊ माणसं. आईने स्वतःचं ताट तिच्या हाताला सोयीचं मांडलं, की आजी म्हणायची, मेल्यांसारखं काय वाढून घेतेस, कुणाला न्यायचंय? आणि सगळं फिरवायची. रोज. मी एक पान तरी तिच्या हाताप्रमाणे मांडायचं ठरवलं."

डावखुरा माणूस बुननिमने पाहिला नव्हता असं थोडंच होतं? तिची धाकटी बहीण बुनई तशीच होती. जेवताना तिचा डावा हात फडक्याने मागे बांधत, आणि आईच्या हाताला पीठ लागलेलं असलं की गाठ मारायचं काम बुननिमचं. ती गाठ चांगली मारायची. पण डावखुऱ्यासाठी कुणी पान मांडेल, हे साठ वर्षांत तिने कुठे पाहिलं नव्हतं; म्हणून समोर असूनही ओळखता आलं नाही.

"म्हणजे ते प्राध्यापक निर्दय म्हणाले," ती सावकाश बोलली, "ते मलाच. जो वेगळा तो आधीच काढून टाकलाय म्हणाले. मीच काढला होता. पेपरात वाचून हसले सुद्धा."

"मावशी, तसं नका..." दाऊन दारातून म्हणाली.

"थांब गं. बाई, मी आणखी एक केलं. सहा आणि सातमध्ये दोन बोटं जास्त होती, तीही सारखी केली. आत्ता कळलं ती कशाला होती. डाव्या हाताने जेवणाऱ्याचं कोपर शेजारच्याच्या उजव्या कोपराला लागतं. आमच्या बुनईचं माझ्या कोपराला लागायचं, आणि सांडलं की मार तिलाच. तुम्ही आईच्या कोपराला जागा ठेवलीत."

ताक बाईने मान हलवली.

"पण मग," बुननिम मेजाकडे बघत म्हणाली, "कोपर लागतं म्हणून डावखुऱ्याला नेहमी टोकाला बसवतात. तुमची आई टोकालाच बसत असेल. तुम्ही तिला सातवी का बसवलीत? आत, माणसांमध्ये?"

ताक बाईने दप्तराच्या पट्ट्याशी चाळा केला. "टोकाला नाही," ती म्हणाली. "स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. मेजावर ती कधी बसलीच नाही. आजीने फिरवायचं ते ताटही उंबऱ्यातलंच." मग ती हसली आणि तिने मनगटाने नाक पुसलं. "हे कागदावर नाही. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या कामावर अकरा जणांनी लिहिलंय, मावशी. ती मधे का बसलीय, हे एकानेही विचारलं नाही."

"ते जेवायला वाढत नसतील," बुननिम म्हणाली.

ग्वाक साहेबांनी घसा साफ केला. "ताक बाई, उद्यापासून आम्ही ही व्यवस्था बदलतोय. खानावळीची माणसं..."

"कशाला?"

"चूक झालीय ना."

"चूक झाली म्हणून तर यांना आता माहीत आहे. नव्या माणसाला मी पुन्हा सांगत बसू?" ती उठली, गुडघे झटकले आणि बुननिमच्या पुढे वाकून नमस्कार केला, घरातल्या थोरल्या बाईला करतात तसा. "तुम्हीच मांडा. आणि अंतर दोनच बोटं ठेवा. माझी आई सडपातळ होती."

बुननिमला तेव्हा मात्र वेळेवर रडू आलं.

प्राध्यापक मेंग यांना दाऊनने भीतभीतच फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "त्या बाईंना फोन द्या." चाळीस मिनिटं बोलणं चाललं. बुननिम मधून मधून "हो", "नाही", "तसं नव्हे हो साहेब" म्हणत होती. पुस्तकात मेंग यांनी लेख बदलला नाही. त्याखाली आणखी एक पान जोडलं: "मी पाहिलं ते काम पंचवीस दिवस होतं आणि मी लिहिलं ते त्या कामाबद्दल खरं आहे. आकृती तेव्हाही दालनात होती. मी ती पाहायची तसदी घेतली नाही. मेजावर जो नव्हता त्याची जागा मला जाणवली, पण तो कोण हे विचारायचं मला सुचलं नाही. ते ओ बुननिम यांनी विचारलं." एवढ्या मोठ्या माणसाने स्वतःची चूक छापून आणावी, याचं बुननिमला फार अप्रूप वाटलं. तिने त्यांना अंड्यांची बरणी पाठवली.

गुरुवारी सकाळी तिने सातवं पान आकृतीप्रमाणे मांडलं. तिचे हात काही केल्या ऐकेनात. सूप डावीकडे ठेवलं की बोटं आपसूक ते उचलायला जायची. शेवटी तिने दोन्ही हात अॅप्रनच्या खिशात घातले आणि मागे सरली.

साडेदहाला दार उघडलं आणि अकरा वाजता खरं काम सुरू झालं. गावोगावच्या म्हाताऱ्या बायका सहलीने येत, ओळीने मेज बघत जात आणि सातव्याशी थबकत. कुणी स्टुलाशी येऊन कानात सांगे, "अहो, ते एक उलटं झालंय." कुणी रागवे, "सरकारी पगार घेता आणि पान मांडता येत नाही?" पहिल्या दिवशी चौदा जणी आल्या. बुननिम प्रत्येकीला सगळं सांगे: डावखुरी आई, उंबरा, दोन बोटं. आणि ऐकून झालं की जवळजवळ प्रत्येकीला कुणीतरी आठवे. माझी नणंद. आमचा तिसरा. मी स्वतः, बघा, हा हात. दाऊनने ऑक्टोबरअखेर ग्वाक साहेबांना सांगून बुननिमच्या बिल्ल्यावरचा 'राखणदार' हा शब्द बदलून 'माहितगार' करून घेतला. नाजूवाली फोनवर विचारायची, "आज किती जणींनी शिव्या घातल्या?" आकडा सांगताना बुननिमला बाजारातल्या चांगल्या दिवसांची आठवण व्हायची.

२० नोव्हेंबरला, रविवारी, प्रदर्शनाला एकच आठवडा उरला होता. दाम्यांग गावची एक आजी आली. कंबरेतून पार वाकलेली, हातात काठी. तिने काही विचारलं नाही. सरळ मेजापुढच्या दोरीवरून हात घातला आणि सातव्या पानाची सुपाची वाटी धरली.

"आजी, राहू दे, राहू दे," बुननिम धावली. "ते तसंच आहे."

"तसंच कसं? कोण मेलंय?"

बुननिमने सांगितलं. आजी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती.

"माझा धाकटा दीर तसाच होता," ती म्हणाली. "आम्ही त्याला दाराकडे तोंड करून बसवायचो. हसायचो." मग तिने वाटी होती तिथे नीट ठेवली, काठ बाहीने पुसला. "तू इथे रोज असतेस?"

"मंगळवार ते रविवार."

"बरं झालं."

"हो ना," बुननिम म्हणाली. "माझं तर फारच बरं झालं."